हेर्टाचा उजवा बूट

गेस्टेमुंडे, ९ फेब्रुवारी १९११

प्रिय वन्सं,

तुमचं सांत्वनाचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, माफ करा. आमच्या हेर्टाला जाऊन आज अठरा दिवस झाले. गुरुवारी डॉक्टर म्हणाले घटसर्प आहे, आणि रविवारी पहाटे सगळं आटोपलं होतं. आर्नो तेव्हा मासेमारीच्या बोटीवर, आइसलंडच्या पाण्यात. बोट लागली ती तिला पुरून चार दिवस झाल्यावर. त्याला धक्क्यावरच कुणीतरी सांगून टाकलं. घरी आला तो मासळीच्या वासाच्या त्याच कपड्यांत जिन्यात बसून राहिला. वर येईना. शेवटी मीच खाली जाऊन त्याच्याशेजारी बसले.

तुम्ही तिचा फोटो मागितलात. फोटो नाही, वन्सं. उन्हाळ्यात नीट उभी राहायला लागली की काढू, असं चाललं होतं. तुमच्याकडे घेऊन यायचंसुद्धा असंच उन्हाळ्यावर ढकलत होतो. आरोग्यखात्याची माणसं आली आणि गादी, दुपटी, फ्रॉक, लाकडी घोडा, सगळं अंगणात नेऊन जाळून टाकलं. मी अडवलं नाही, वरच्या मजल्यावर आणखी तीन मुलं राहतात.

एक बूट तेवढा राहिला. पहिल्या वाढदिवसाला मी तिला पांढऱ्या दोऱ्याचे बूट क्रोशाने विणले होते. ती उजवा पाय ओढत रांगायची, म्हणून आठवडाभरात उजव्याचं टोक फाटलं. जाड दोरा हाताशी होता, त्यानंच रफू केला. दिसायला ओबडधोबड, पण टिकला. आर्नो निघताना तो उजवा खिशात घालून गेला. म्हणाला, "हा माझ्याबरोबर, डावा तुझ्याजवळ." डावा जळला. त्याच्या खिशातला वाचला.

तुमची
गेझिने


ओबरवाल्सबाख, १६ फेब्रुवारी १९११

गेझिनेस,

तुझं पत्र मी फॅक्टरीत जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावरच्या बायकांना वाचून दाखवलं. सगळ्या रडल्या. मी नाही रडले. मला तिचा चेहराच डोळ्यांसमोर आणता येईना, तर रडू कसलं येणार?

आपण दोघी एकमेकींना भेटलेलो नाही. लग्नाला मला यायला जमलं नाही, पण आमच्या फॅक्टरीतला चिनीमातीचा बूट पाठवला होता. नवरीचा पाय नव्या घरात स्थिरावावा म्हणून आमच्याकडे तसा देतात. तू त्यात चुलीच्या काड्या ठेवतेस, असं आर्नोनं लिहिलं होतं. असो, कामी तरी येतोय.

आता ऐक. तो हेर्टाचा बूट माझ्याकडे पाठव. सोळा वर्षं मी लेसच्या टेबलावर बसतेय. चिनीमातीच्या बाहुल्यांचे लेसचे झगे असतात ना, ते आम्ही खऱ्या लेसवरून करतो. टाका न् टाका उतरतो. तसाच तिचा बूट मी चिनीमातीत करून देते. सुताला कसर लागते, पिवळं पडतं, विरून जातं. चिनीमातीला शंभर वर्षं काही होत नाही. तुला कपाटावर ठेवायला काहीतरी राहील. रजिस्टर पोस्टानं पाठव आणि बॉक्समध्ये भुसा भर.

आल्विने


गेस्टेमुंडे, २ मार्च १९११

प्रिय वन्सं,

बूट पाठवतेय. दोन आठवडे विचार केला. आर्नो सोमवारी बोटीवर गेला. या वेळी बूट नेला नाही. "पाण्यात पडला तर?" म्हणाला आणि माझ्या हातात दिला. तुमच्याकडे पाठवतेय हे त्याला माहीत नाही. तो चोवीस-पंचवीस तारखेला परत येईल. त्याच्या आत चिनीमातीचा आणि हा, दोन्ही माझ्याकडे पोचतील असं बघा. त्याला एकदम दाखवेन म्हणते.

आत बघा, टाचेपाशी थोडा मळलाय. धुऊ नका.

गेझिने


ओबरवाल्सबाख, १९ मार्च १९११

गेझिनेस,

सोबत बूट आहे. भट्टीतून निघाला तेव्हा टेबलावरच्या सगळ्या जणी उठून बघायला आल्या. म्हातारी लिडिया, जी कुणाच्या कामाला कधी बरं म्हणत नाही, तीसुद्धा "बरं झालंय" म्हणाली. तुझा रफू बघ, एकेक धागा मोजून घे. चमक मुद्दाम दिली नाही, साधाच पांढरा ठेवलाय.

मालक वेटश्टाइन साहेब स्वतः हातात घेऊन बघत होते.

आल्विने


गेस्टेमुंडे, २४ मार्च १९११

वन्सं,

बूट मिळाला. काम फार सुंदर आहे, खरंच. पण हा लहान आहे. हेर्टाचा बूट माझ्या तळहातावर ठेवला की मधल्या बोटाच्या टोकाशी येऊन टेकायचा. हा पेरभर अलीकडेच संपतो. ती इतकी लहान कधी होती, तर तान्ही असताना. तेव्हा तिला बूटच नव्हते.

आणि दोऱ्याचा कुठे आहे? भुसा सगळा परातीत ओतून चाळला. नाही सापडला. आर्नो उद्या-परवा येईल.

गेझिने


ओबरवाल्सबाख, २९ मार्च १९११

गेझिनेस,

भट्टीत चिनीमाती आटते. सहावा हिस्सा जातो. त्याला कुणाचा इलाज नाही, राजाच्या घरची ताटंसुद्धा आटतात.

दोऱ्याचा बूट माझ्या कपाटात आहे. कामात त्याला माती लागली, म्हणून लगेच पाठवला नाही. उन्हं पडायला लागली की साफ करते आणि पाठवते. काळजी नसावी.

आल्विने


गेस्टेमुंडे, १९ एप्रिल १९११

वन्सं,

उन्हं पडून गेली. तुमचं काहीच आलं नाही.

मागच्या खेपेला आर्नोनं विचारलं तेव्हा मी कपड्यांच्या ट्रंकेत आहे म्हणून वेळ मारून नेली. या वेळी त्यानं ट्रंकच उघडली. मग मला काहीतरी सांगावं लागलं. म्हटलं, "तुझ्या ताईनं पोरीला कधी पाहिलं नव्हतं. निदान बूट तरी हातात घेऊन बघू दे म्हणाली, म्हणून पाठवला." मला वाटलं चिडेल. तो खाली बसला आणि म्हणाला, "ताईनं असं लिहिलं? बरं केलंस." तुमच्याबद्दल इतक्या मायेनं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. त्यानंतर चिनीमातीच्या बुटाचं सांगायला तोंड उघडेना. तो मी चादरींच्या खाली लपवून ठेवलाय. तुम्हीही त्याविषयी बोलू नका.

तो आता स्वतः बूट घ्यायला येतोय. पोस्टावर त्याचा विश्वास नाही. ही खेप करून मेच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या दारात उभा राहील. कसाही असो, मळलेला असो, बूट तयार ठेवा.

गेझिने


ओबरवाल्सबाख, ८ मे १९११

गेझिनेस,

आर्नो येऊन गेला. पाच वर्षांनी आला. दारातून आत येताना वाकला. वाकायची गरज नव्हती, चौकट तेवढी खाली नाही, पण बोटीवरची सवय. बटाट्याचे गोळे केले होते, नऊ खाल्ले. जुन्या पलंगावर पाय बाहेर काढून झोपला. सकाळी म्हणाला, "ताई, तू एकटी राहतेस, मी लिहीत नाही, माझं चुकतंच." मी म्हटलं, "चुकतंय हे कळायला आइसलंडपर्यंत जावं लागलं होय रे?" हसला.

बूट दिला. रुमालात गुंडाळून आतल्या खिशात ठेवला.

आल्विने


गेस्टेमुंडे, १४ मे १९११

वन्सं,

तो बूट माझा नाही.

मी डावखुरी आहे. हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, आपण कधी एका टेबलाशी बसलोच नाही. माझे सगळे टाके उलट्या अंगाला झुकतात. लहानपणी शाळेत यावरून हातावर छड्या खाल्ल्यात. तुम्ही दिलेल्या बुटाचे टाके जगातल्या बाकी सगळ्या बायकांसारखे आहेत. रफू बरोबर जागी आहे. कॉफीच्या पाण्यात बुडवून जुनाट केलाय, तेही छान जमलंय. टाचेपाशी मळ लावलाय. तो मळ लावताना तुमचा हात कसा चालला, एवढंच मला कळत नाही.

आर्नोनं रुमाल सोडला, बूट गालाला लावला आणि मोठ्यानं रडला. तीन महिन्यांत पहिल्यांदा रडला. मी समोर उभी होते. "तो हा नव्हे" असं त्या वेळी मी म्हणायला हवं होतं का, सांगा. मी त्याला पाणी आणून दिलं.

माझा बूट कुठे आहे?

गेझिने


ओबरवाल्सबाख, २१ मे १९११

गेझिने,

जळला. भट्टीत जळला.

दोरा चिनीमातीच्या पातळ घोळात बुडवतात, वाळवतात आणि भट्टीत घालतात. आतला दोरा जळून जातो, भोवतालची माती उभी राहते. तुझ्याकडे आहे ते त्याचंच राहिलेलं. आमच्या गावातल्या शाळकरी पोरांनाही हे ठाऊक असतं. आर्नोलाही. तू समुद्राकडची, तुला माहीत नसेल हे माझ्या लक्षात आलं नाही, असं लिहिणार होते. तसं लिहून एक कागद फाडलाही. मला माहीत होतं की तुला माहीत नाही. सांगितलं असतं तर तू बूट पाठवला नसतास.

आता थोडं माझंही ऐक. आई गेली तेव्हा आर्नो सहा वर्षांचा होता आणि मी सतरा. त्याला मी न्हाऊ घातलं, त्याच्या उवा काढल्या, त्याच्यासाठी दोन स्थळं नाकारली. मग तो समुद्र बघायला म्हणून गेला आणि तुझ्याजवळ राहिला. पोरीला आमच्या आईचं नाव ठेवलंत, ते मला कार्डावरून कळलं. तेरा महिने ती होती. तेरा महिन्यांत गाड्या बंद नव्हत्या.

बूट आला तेव्हा मी तो दोन दिवस टेबलाच्या खणात ठेवला होता. दर तासाला खण उघडायची. तिसऱ्या दिवशी बुडवला. का बुडवला ते मला धड सांगता येत नाही. तुला काहीतरी टिकाऊ द्यायचं होतं हे खरं. ते माझ्या हातचं असावं, तुझ्या हातचं नव्हे, हेही खरं.

आल्विने


गेस्टेमुंडे, २९ ऑक्टोबर १९११

वन्सं,

पाच महिने मी लिहिलं नाही. लिहिणारही नव्हते.

मला दिवस गेलेत. सहावा संपत आलाय. थोडं मन रमावं म्हणून आर्नो मला ब्रेमेनच्या जत्रेला घेऊन गेला. भाजलेल्या बदामांच्या दुकानापलीकडे चिनीमातीच्या वस्तूंचा स्टॉल होता. कुत्री, मेंढपाळणी, फुलदाण्या. आणि वरच्या फळीवर हेर्टाचा उजवा बूट. एक नव्हे. मी मोजले, एकतीस. काही गुलाबी, काही निळे. पट्ट्यावर सोनेरी गुलाब आणि बाजूला ‘ब्रेमेनची आठवण’ अशी अक्षरं. प्रत्येकाच्या टोकाला माझा रफू. दुकानदारीण एका बाईला सांगत होती, "टाचण्या ठेवा, दातकोरणी ठेवा, काहीही राहतं यात."

मी आर्नोला ओढून पुढे नेणार, तेवढ्यात त्यानं पाहिलं. एक उचलला, उलटा करून खालचा शिक्का बघितला. म्हणाला, "अगं, आमच्या गावचा! ताईचं काम! हे बघ, बघ, तुझ्या रफूचीसुद्धा नक्कल केलीय तिनं!" मी म्हटलं, "ठेव तो." तो म्हणाला, "तुला कळत नाही गेझिने, बूट तिच्याकडे होता तेव्हा ती किती बघत बसली असेल. आपली हेर्टा आता घराघरात गेली." दुकानदारिणीलाही सांगितलं त्यानं, माझ्या बहिणीनं बनवलाय म्हणून. तिनं कौतुक केलं. निळा घेतला. आता तो खिडकीत आहे आणि मी रोज त्याच्यावरची धूळ पुसते.

पाय गेल्यावर माणूस बूट जपतो तो त्यात पाय होता म्हणून. तुमच्या या बुटांत कधी कुणाचा पायच गेला नाही. त्या दातकोरण्यांची मला चीड नाही. रिकाम्या वस्तूत काहीतरी ठेवणारच माणसं. पण तुम्ही विकायला दिलात. तेवढं एकच विचारते, का?

गेझिने


ओबरवाल्सबाख, ५ नोव्हेंबर १९११

गेझिने,

तुझा बूट फळीवर वाळत होता तेव्हा वेटश्टाइन साहेबांनी पाहिला. भट्टीतून निघाल्यावर एक दिवस ठेवून घेतला आणि त्यावरून साचा काढला. "हे कुणाचं?" म्हणून त्यांनी विचारलं होतं. ‘मेलेल्या पोरीचा आहे’ असं मी म्हटलं असतं तर त्यांनी हात लावला नसता. माणूस तसा भित्रा आहे, अपशकुन मानतो. मी म्हटलं, "माझी कल्पना आहे, साहेब."

तेव्हापासून मी नमुन्यांच्या खोलीत बसते. तिथे खिडकी आहे. मातीची धूळ नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदा थंडी सुरू होऊनही मला खोकला नाही.

तू का म्हणून विचारलंस, म्हणून लिहिलं. दुसरं काही कारण नाही.

आल्विने


गेस्टेमुंडे, १८ जानेवारी १९१२

वन्सं,

गेल्या गुरुवारी मुलगी झाली. धडधाकट आहे, आवाज मोठा आहे. हे पत्र आर्नो सांगतोय तसं मी लिहितेय. त्याच्या बोटाला गळ लागलाय.

तो म्हणतो: "ताई, पोर तुझ्यासारखीच दिसते, कपाळावर आठी घेऊनच आलीय. बाप्तिस्मा फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी. धर्ममाता तूच. आणि नाव आल्विने ठेवायचं ठरलंय. नाही म्हणायचं नाही. हेर्टाला तू पाहिलं नाहीस, हिला पहिली तूच घे. तू बूट जपलास, परत दिलास, दुकानादुकानात पोचवलास. माझ्यासाठी एवढं कुणी केलं नाही."

त्याचं सांगून झालं. आता तो कोळसा आणायला खाली गेलाय.

मला त्याला नाही म्हणता आलं नाही. कारण काय सांगू? जन्मभर मी या पोरीला तुमच्या नावानं हाक मारणार आहे. जेवायला बोलावताना, न्हाऊ घालताना, रात्री ताप भरला तर. दिवसातून किती वेळा होईल ते मी मोजायला लागले होते, मग सोडून दिलं.

तो वर येतोय.

गेझिने


ओबरवाल्सबाख, २६ जानेवारी १९१२

आर्नोस,

तुझं आमंत्रण मिळालं. मी येणार नाही.

धर्ममाता होणं म्हणजे आईबापांचं उद्या काही झालं तर पोर पदरात घेणं. एक पोर मी पदरात घेतलं होतं, तुला. त्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि ते पोर मागं न बघता निघून गेलं. आता चाळिशी आली. मला माझं काम आहे, खिडकीतली जागा आहे, शांतता आहे. दुसऱ्याच्या मुलांत मला अडकवू नकोस.

माझं नावही देऊ नकोस. मला विचारल्याशिवाय ठरवलंस हेच मुळात आवडलं नाही. नाव मागायला आलास तसा उद्या पैसेही मागायला येशील, असं गावात लोक म्हणतील. बुटाचं एवढं काय घेऊन बसलास? मला नमुना हवा होता, मिळाला.

पोरीला आशीर्वाद.

आल्विने


गेस्टेमुंडे, ३ मार्च १९१२

वन्सं,

आर्नोनं तुमचं पत्र उभ्यानंच वाचलं. मग मला दिलं आणि म्हणाला, "मोठ्यानं वाच. माझ्या वाचण्यात काही चुकलं असेल." मी वाचलं. त्याचं काही चुकलं नव्हतं.

"म्हणजे ती अशी आहे," एवढंच तो म्हणाला. संध्याकाळी जेवला नाही. खिडकीतला निळा बूट खालच्या शेजारणीला देऊन आला.

पोरीचं नाव माझ्या आईचं ठेवलं, इडा. धर्ममाता म्हणून माझी चुलतबहीण उभी राहिली. चर्चच्या दारात पाद्रीबाबांनी सहज विचारलं, "आर्नो, तुझी बहीण येणार होती ना?" तो म्हणाला, "मला बहीण नाही." पाद्रीबाबांना वाटलं तुम्ही वारलात. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यानं तो तसाच राहू दिला.

तुम्ही ते पत्र का लिहिलंत, तुमचं नाव जन्मभर माझ्या तोंडी येऊ नये म्हणून, हे मला पहिल्याच ओळीला कळलं होतं. एका वाक्यात मी त्याला सांगू शकले असते. सांगायला तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात इडा उठली, मी तिला घ्यायला गेले, आणि परत येऊन बसले तेव्हा राहून गेलं. दुसऱ्या दिवशी राहून गेलं असं म्हणता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मीच बोलले नाही. त्यानंतरच्या रोज मीच बोलले नाही. त्याचा राग बघून मला बरं वाटत होतं, हेही तुम्हाला कळू दे.

आज सकाळी तो बोटीवर गेला. हे पत्र मी स्वतः पोस्टात टाकणार आहे. उत्तर लिहू नका. तुमचं पत्र आता आलं तर तो ते न फोडता परत पाठवेल, आणि पाकिटावर तुमचा पत्ता लिहायला मलाच सांगेल.

गेझिने